गोचीड

माझ्या नवऱ्याची दारू सुटावी म्हणून मी काय काय केलं नाही! नवस बोलले, उपास धरले, आमटीतून बिनवासाची पुडी घातली (ती त्यानं ओळखली आणि आमटी मांजरापुढे ठेवली), माहेरी जाऊन बसले आणि कुणी न्यायला आलं नाही म्हणून आपली आपण परत आले. चौदा वर्षांत मला जमलं नाही ते कंपनीनं चाळीस मिनिटांत करून दाखवलं. सकाळी गेलेला माणूस दुपारी उजव्या कानामागे पट्टी लावून घरी आला. त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली. त्या साखरेची आठवण झाली की अजून माझी मलाच चीड येते.

तोंडानं मी नवऱ्याचं नाव घेत नाही, पण लिहिताना घेते. अमृत घस्ते. कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत भट्टीवर आहे. वितळलेलं लोखंड मोठ्या भांड्यातून साच्यात ओतायचं, हे त्याचं काम. त्या भांड्याला ते लोक लाडल म्हणतात. भट्टीवरचे बहुतेक सगळे पितात. दिवसभर अंगात शिरलेली धग दुसऱ्या कशानं उतरत नाही असं त्यांचं म्हणणं. दोन वर्षांपूर्वी अमृत पिऊनच कामावर गेला, लाडल वेळेआधी कलली आणि शेजारी उभ्या असलेल्या सदाशिव पोवाराच्या बुटावर लोखंड सांडलं. सदाशिवच्या डाव्या पायाची तीन बोटं गेली. हे मी विसरलेले नाही, आणि पुढचं वाचताना तुम्हीही विसरू नका.

कंपनीनं त्याला हाकललं नाही. "आम्ही माणूस टाकून देत नाही, माणूस सुधारतो," असं कल्याण विभागाच्या ताम्हणकर मॅडम घरी येऊन म्हणाल्या. महिनाभरात नोटीस लागली: भट्टीवर काम करायचं असेल तर व्यसनमुक्तीचं यंत्र बसवून घ्यावं लागेल, नाही तर राजीनामा. यंत्राला कंपनीनं कसलंसं संस्कृत नाव दिलं होतं. कामगारांनी ते पहिल्याच आठवड्यात बदलून गोचीड केलं.

संमतिपत्रावर जोडीदाराचीही सही लागत होती. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात लॅब टेक्निशियन आहे, लोकांचं रक्त तपासते, रिपोर्ट लिहिते. त्यामुळे सोबतचं पत्रक मी नीट वाचलं आणि समजून उमजून सही केली, तीही अमृतच्या आधी. अडाणी असते तर निदान दोष दुसऱ्यावर ढकलता आला असता.

पत्रकातलं शास्त्र खोटं नव्हतं. आपल्या मेंदूत खोलवर पेशींची एक वाट आहे. तिथं डोपामिन नावाचं रसायन स्रवतं. लोक त्याला सुखाचं रसायन म्हणतात, पण ते सुख मिळाल्यावर जेवढं स्रवतं त्याहून जास्त सुख मिळणार असं दिसलं की स्रवतं. शेजारच्या घरात मटणाला फोडणी पडली की आपण उगाच दारापर्यंत जातो, ते त्याच्यामुळे. पिणाऱ्याच्या मेंदूत गुत्त्याचं वळण दिसताच ही लाट उठते आणि पाय आपोआप वळतात. हिलाच आपण तलफ म्हणतो. कानामागच्या हाडात बसवलेलं तांदळाच्या दाण्याएवढं यंत्र ही लाट उठताना ओळखतं, ध्वनिलहरींचा बारीक झोत नेमका त्या जागी सोडतं आणि लाट वर चढायच्या आत खाली बसवतं. माणूस सुस्तावत नाही, बावचळत नाही. हातपाय, बुद्धी, स्मरण सगळं जागच्या जागी राहतं. फक्त पाय वळत नाहीत.

आता लाटेवर काही दारूचा शिक्का नसतो. पोराला भेटायची ओढ आणि बाटलीची ओढ मेंदूत एकाच वाटेनं येते. म्हणून यंत्राला आधी शिकवावं लागतं. पहिले तीन आठवडे कामगारानं रोज मोबाइलवर सांगायचं की आजवर आपण कधी कधी प्यायलो, कुणाबरोबर, त्याआधी काय घडलं होतं. एकेक प्रसंग नीट आठवायचा. त्या वेळी उठणारी लाट यंत्र टिपून ठेवतं, आणि पुढे तशी लाट दिसली की दाबतं.

त्या तीन आठवड्यांत मी रोज संध्याकाळी अमृतच्या शेजारी बसले. चौदा वर्षांचा राग पोटात होता. तो दोन प्रसंग सांगून थांबायचा आणि मी टोचायचे, "आणि रेवा झाली तवा? दवाखान्यात बाळ बघायच्या आधी कुठं गेलतासा? ते पण सांगा." तो मान खाली घालून सांगायचा. गणपतीची मिरवणूक, भाच्याचं बारसं, पेठेचा फुटबॉल संघ जिंकला तो दिवस, हरला तोही दिवस, घरात तांबडा रस्सा झाला की, पहिला पगार, खंडेनवमी, हलगी वाजवून झाल्यावर. हलगी तर प्रत्येक वेळी. त्याच्या आजाची हलगी होती ती, भिंतीवर खिळ्याला टांगलेली. ती उतरली की त्या दिवशी तो पिऊन येणार हे ठरलेलं. मी एकही दिवस सुटू दिला नाही. आमच्याकडे माणूस दुःखात पितो तसा आनंदातही पितो, आणि अमृतच्या आयुष्यात बिनदारूचा आनंद मला तरी एकही आठवला नाही. ते सगळं मी गोचिडीच्या तोंडी नेऊन दिलं.

पहिले चार महिने मात्र स्वर्ग होता, खोटं कशाला सांगू. अमृत वेळेवर घरी यायचा. छपराची गळती काढली, मोरीचा नळ बदलला. कानामागे कातडीखाली एक बारका हिरवा ठिपका चमकायचा. कंपनीच्या गेटवरचं यंत्र तो वाचायचं आणि मगच आत सोडायचं. लाट दबली की ठिपका क्षणभर पिवळा व्हायचा, मग परत हिरवा. गल्लीतल्या बायका येऊन विचारायच्या, "वर्षाराणी, तुझा दादला एवढा देवमाणूस झाला कसा?" मी ताठ मानेनं सांगायचे.

मग एका रविवारी तांबडा रस्सा केला. पूर्वी दुसरी वाटी मागायच्या आधीच तो पातेल्याकडे बघायचा. त्या दिवशी वाढलं तेवढं जेवला आणि उठला.

"आज बरा झाला न्हाई काय?" मी विचारलं.

"झालाय की."

"मग घ्या की अजून."

"वाढलंस तर खातो. न्हाई वाढलंस तरी चालंल."

हे "चालंल" हळूहळू घरभर पसरलं. दिवाळीला कपडे घ्यायचे? घेतलं तर चालंल. बहिणीकडे जायचं? न्हाई गेलं तरी चालंल. एकदा मी स्वतःहून त्याच्या अंथरुणावर जाऊन बसले. त्यानं सरकून जागा करून दिली आणि पांघरुणही दिलं. बस, एवढंच. त्याच्या हातांत काही वैर नव्हतं, हेच मला जास्त लागलं.

कंपनीचं मात्र बरं चाललं होतं. भट्टीवरच्या लोकांची दुपारची चहाची सुट्टी बंद झाली, कुणी हूं का चूं केलं नाही. दर तीन वर्षांनी होणाऱ्या पगाराच्या कराराच्या वेळी युनियननं गेटवर सभा बोलावली. एरवी रस्ता अडायचा, त्या दिवशी सातजण आले, आणि ते सातही ऑफिसातले, बिनगोचिडीचे होते. मागणीपत्र कसलं लिहिणार? ज्याला काही नकोच, तो मागणार काय!

आणि मग रेवाची मॅच झाली. रेवा आमची एकुलती एक, नववीत आहे, शाळेच्या फुटबॉल संघात गोलकीपर. तिला गोलात उभी केली ती तिच्या बापानंच. गल्लीत दोन विटा ठेवून चेंडू मारायचा आणि "डोळं मिटायचं न्हाई!" म्हणून ओरडायचा. मॅचला गोलच्या मागे उभा राहून हलगी वाजवायचा. त्या दिवशी शेवटच्या मिनिटाला समोरच्या संघाला पेनल्टी मिळाली, रेवानं डावीकडे झेप घेतली आणि चेंडू बाहेर घालवला. सगळं मैदान नाचायला लागलं. ती चिखलानं भरलेली तशीच धावत आमच्याकडे आली.

"पप्पा, बघितलासा काय?"

"बघितलं. अडवलास."

"मग?"

"मग काय?" अमृतनं विचारलं. त्यात कुचेष्टा नव्हती. त्याला खरंच कळत नव्हतं की ती कशाची वाट बघतेय. त्यानं पाण्याची बाटली तिच्यापुढे धरली. मी त्याच्या कानामागे बघत होते. ठिपका एकदा पिवळा झाला आणि परत हिरवा.

त्या पिवळ्या क्षणानं माझे डोळे उघडले. म्हणजे लाट उठली होती! बापाला आनंद झाला होता, आणि गोचिडीनं तो तिथल्या तिथं दाबला होता, कारण मॅच जिंकली की अमृत पितो, हे तिला कुणी शिकवलं होतं? मीच.

मी ताम्हणकर मॅडमना भेटले. बाई वाईट नाहीत. खुर्ची दिली, चहा मागवला, माझं सगळं ऐकून घेतलं.

"शिकवणी चुकली आहे," मी म्हटलं. "यंत्र बंद करून नव्यानं शिकवा. नाही तर काढूनच टाका."

"वहिनी, तशी सोय आहे ना. पण अर्ज कर्मचाऱ्याचा लागतो. त्यांची स्वतःची इच्छा लागते, बायकोच्या दबावाखाली नको. म्हणून आम्ही मुलाखतीत यंत्राची नोंदही बघतो. मनापासून हवं असेल तर लाट उठतेच."

"आणि यंत्र ती दाबतं."

"दाबलेली लाटही नोंदली जाते. उठली तर पाहिजे." मग त्या म्हणाल्या, "आणि एक सांगू? फार उशीर करू नका. दोन वर्षांनंतर ती वाट वापरात नसल्यामुळे कायमची क्षीण होते. मग यंत्र असलं काय, नसलं काय."

सव्वा वर्ष तर होऊन गेलं होतं.

पहिली मुलाखत आषाढात झाली. अमृतला एका खुर्चीत बसवलं, समोरच्या पडद्यावर एक सरळ हिरवी रेघ. मॅडमनी विचारलं, "घस्ते, यंत्र काढून टाकावं असं तुम्हाला वाटतं का?"

"हिला वाटत असंल तर काढा."

"तुम्हाला काय हवंय?"

अमृतनं मनापासून विचार केला. खूप वेळ केला. रेघ हलली नाही. "मला काय?" तो म्हणाला. "हाय ते बरं हाय." अर्ज नामंजूर झाला. पुढची मुलाखत दसऱ्यानंतर, आणि तीच शेवटची.

घरी आल्यावर रेवा म्हणाली, "मम्मी, पप्पांना काय तरी पायजे असं वाटलं म्हंजे झालं न्हवं? मग मी बघतो." आमच्याकडच्या पोरी अशाच बोलतात, करतो-जातो. तिनं स्टुलावर चढून खिळ्यावरची हलगी काढली. धूळ बसलेली, कातडं सैल पडलेलं. रोज संध्याकाळी ती बापासमोर बसून वाजवू लागली. तिला वाजवता येत नव्हतं. सहाव्या टोल्यावर हमखास घसरायची. अमृत समोर बसून जेवायचा. मी रोज त्याच्या कानामागे बघायचे. हिरवा. तीन महिने नुसता हिरवा.

खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. आमच्या घरी आजेसासऱ्यांपासून हलगीची पूजा होते आणि पूजेनंतर ती वाजलीच पाहिजे. रेवानं अंगणात उसाच्या पाचटाचा जाळ केला, हलगी तापवायला धरली आणि घाईनं वाजवायला बसली. सहावा टोला चुकला. परत केलं, परत चुकला.

"तापली न्हाई ती," अमृत उंबऱ्यातून म्हणाला.

आम्ही दोघी जागच्या जागी थिजलो. वर्षभरात न विचारता बोललेलं त्याचं ते पहिलं वाक्य होतं.

"आणि काडी आवळून धरतीस. बोटं मोकळी सोड." तो उठून आला. तिच्या हातून हलगी घेतली, जाळावर धरली, फिरवून फिरवून तापवली, अंगठ्यानं कातडं दाबून बघितलं. भट्टीवरचा माणूस तो, किती तापलं हे त्याला सांगावं लागत नाही. आणि मग त्यानं वाजवली. गल्लीतली माणसं बाहेर आली. त्याच्या कपाळावर घाम होता, ओठ आवळलेले होते, आणि कानामागचा ठिपका पिवळा झाला, तो पिवळाच राहिला. मग लाल झाला. लाल मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. रेवा रडत नाचत होती. मी मोबाइलमध्ये वेळ बघून ठेवली, लॅबची सवय. चार मिनिटं.

हलगी खाली ठेवून तो माझ्याकडे वळला. "वर्षा, भूक लागलीया गं. तांबडा कर की."

मी रडत मसाला वाटला. रस्सा होईपर्यंत ठिपका हिरवा झाला होता. तो ताटावर बसला, वाढलं तेवढं जेवला आणि उठला. पण मला त्याचं काही वाटलं नाही. चार मिनिटांची नोंद यंत्रात पडली होती. माझा नवरा आत जिवंत आहे याचा रिपोर्ट कंपनीच्याच पडद्यावर दिसणार होता. रिपोर्ट खोटं बोलत नाही, असं मी वीस वर्षं लोकांना सांगत आले आहे.

मुलाखतीला आम्ही तिघंही गेलो. मॅडमनी पडदा आमच्याकडे फिरवला. सरळ रेघ, आणि तिच्यात एक उंच डोंगर.

"हेच!" मी म्हटलं. "बघा मॅडम, लाट उठते त्यांच्यात."

"हो ना," मॅडम खिन्नपणे म्हणाल्या. "आम्हालाही वाईट वाटलं. ही लाट त्यांनी स्वतः नोंदवलेल्या तलफेशी शंभरात शहाण्णव जुळते. म्हणजे व्यसन अजून जिवंत आहे, वहिनी. असं असताना यंत्र काढणं बेजबाबदारपणाचं होईल."

"ती दारूची तलफ नव्हती! हलगी वाजवली त्यांनी!"

"हलगी वाजवल्यावर ते पितात, असं एकतीस वेळा नोंदलेलं आहे."

"मागच्या वेळी रेघ हलली नाही म्हणून नाही म्हणालात. आता हलली म्हणून नाही म्हणता. मग माणसानं करायचं काय?"

त्यांनी यंत्राचा जोर वाढवण्याचा कागद पुढे सरकवला. त्यात दुसरं कलम होतं: तलफ जागवणाऱ्या वस्तू घरातून हलवण्यात येतील. खाली जुन्या संमतिपत्राची प्रत जोडलेली, त्यावर माझी सही. सुरेख अक्षर आहे माझं.

"आम्हाला नोकरी नको," मी म्हणाले. "राजीनामा देतो आणि बाहेर काढून घेतो."

"राजीनामा त्यांनी द्यायला हवा." मॅडम अमृतकडे वळल्या. "घस्ते, नोकरी सोडायची आहे का?"

"अहो, सोडतो म्हणा!" मी त्याचा हात धरून हलवला. "माझ्यासाठी म्हणा. रेवासाठी म्हणा."

"म्हणतो की," अमृत शांतपणे म्हणाला. "सोडतो."

मॅडमनी पडद्याकडे बघितलं. रेघ सरळ होती. "दबावाखाली," त्या म्हणाल्या आणि तसं लिहिलं.

तेव्हा मला सदाशिवची तीन बोटं आठवली. हा माणूस प्यायलेला होता तेव्हा दुसऱ्याला जाळत होता. आता कुणाला जाळत नाही, कुणाला ऊबही देत नाही. दोन्हींतलं एक निवड असं मला कुणी म्हटलं असतं तर मी काय निवडलं असतं, ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. पण मला कुणी विचारलं नव्हतं, आणि त्याला तर नव्हतंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कंपनीची दोन माणसं हलगी न्यायला आली. रेवा दारात उभी राहिली, गोलात उभी राहते तशी, गुडघे वाकवून, दोन्ही हात पसरून. त्या माणसांना पुढे येववेना. शेवटी अमृतच उठला. स्टूल न घेता टाचा उंचावून त्यानं खिळ्यावरची हलगी काढली. शर्टाच्या बाहीनं तिच्यावरची जाळाची काजळी पुसली, कातडं वरच्या बाजूला येईल अशी नीट धरली.

"सर बाजूला, रेवा," तो म्हणाला. "लोक खोळंबल्यात."

तिनं डोळे मिटले नाहीत. त्याच्या चेहऱ्याकडे बघत ती तशीच उभी राहिली. त्यानं एका हातानं तिला अलगद बाजूला केलं, हलगी त्या माणसांच्या हातात दिली आणि जेवायला येऊन बसला.

यंदाच्या वर्धापनदिनी आदर्श कामगार म्हणून त्याचा फोटो गेटवर लागला आहे. पुढच्या महिन्यात दोन वर्षं पूर्ण होतील.

रेवा आता पिठाच्या डब्याचं झाकण घेऊन बसते. रोज संध्याकाळी, बाप जेवत असताना, त्याच्या समोर. एव्हाना तिला चांगलं वाजवता यायला लागलं आहे. शेजारपाजारचे म्हणतात, पोरीचा हात बापावर गेला. तरी ती पाच टोले बरोबर वाजवते, सहावा मुद्दाम चुकवते आणि हात थांबवून त्याच्याकडे बघते. मीही भाकरी हातात धरून थांबते.

अमृत घास चावतो. वाढलेलं संपलं की उठून हात धुतो.